तुम्ही द्याल ते

कपाट आवरताना वडिलांची हिशेबाची वही हाती लागली. लाल कापडी बांधणी, आत निळ्या शाईतलं ठसठशीत अक्षर. वडील तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत कारकून होते. १४ डिसेंबर १९७७ या तारखेपुढे त्यांनी एकच शब्द लिहिलाय: 'बंद'. त्या दिवशी राज्यातले सरकारी कर्मचारी बेमुदत संपावर गेले. र. ग. कर्णिक नेते, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ज्या दराने महागाई भत्ता मिळतो त्याच दराने आम्हालाही द्या, ही मुख्य मागणी. संप ५४ दिवस चालला. मी तेव्हा चौथीत होतो.

वहीत त्या ५४ दिवसांत जमेची बाजू कोरी आहे. खर्चाच्या बाजूला गोडेतेल अर्ध्यावर आलंय, साखर पाव किलोवर. जानेवारीपासून जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे 'उ.' आहे. उ म्हणजे उधार. संपाचा इतिहास लिहिणारे मोर्चे आणि वाटाघाटी नोंदवतात. हा 'उ.' त्यांच्या कागदात सापडत नाही. पण संप टिकतो तो वाण्याच्या खात्यावर.

*

आमचा वाणी त्या काळात एकदा वडिलांना म्हणाला होता, "भाऊसाहेब, घाबरू नका. तुमचा पगार वाढला तर तो माझ्याच गल्ल्यात येणार आहे." तो अर्थशास्त्र शिकलेला नव्हता. तालुक्याच्या बाजारपेठेत पगाराचा पैसा कसा फिरतो, हे त्याला रोज दिसत होतं, एवढंच. कचेरी, शाळा, दवाखाना, एसटीचा डेपो, वीज मंडळ यांचे पगार झाले की पहिल्या आठवड्यात बाजार फुलायचा. कर्मचाऱ्याची पगारवाढ म्हणजे तिजोरीवरचा बोजा, असं आपण बातम्यांत ऐकतो. हा बोजा संध्याकाळी कुणाच्या दुकानात उतरतो, ते बातमीत येत नाही.

*

'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ देणं चुकवणं, चुकतं करणं. म्हणजे या शब्दातच गृहीत आहे की काम झालेलं आहे, देणं उरलेलं आहे, आणि देणारा उपकार करत नाहीये.

सरकारी कागदांत मात्र याच पैशासाठी आणखी काही शब्द आहेत. मानधन. प्रोत्साहन भत्ता. सानुग्रह अनुदान. महापालिकांत दिवाळीला जो 'बोनस' म्हणून ओळखला जातो, त्याचं कागदावरचं नाव अनेकदा सानुग्रह अनुदान असतं. अनुग्रह म्हणजे कृपा. कृपा कधी करायची आणि किती, हे करणाऱ्याच्या मर्जीवर. कृपेसाठी कोर्टात जाता येत नाही.

सार्वजनिक क्षेत्रातल्या पगाराचे बहुतेक झगडे या दोन प्रकारच्या शब्दांमधले आहेत, असं मला दिवसेंदिवस वाटू लागलंय. मिळतंय ते देणं की कृपा?

*

८ मे १९७४. रेल्वेचा संप. सतरा लाखांच्या आसपास कामगारांचं खातं. नेते जॉर्ज फर्नांडिस यांना २ मेलाच लखनौत अटक झाली होती, तरी संप वीस दिवस चालला. मागण्यांमध्ये बोनस होता, आठ तासांचा दिवस होता. बोनस हा राखून ठेवलेला पगारच आहे, कृपा नव्हे, अशी कामगारांची भूमिका. सरकारचं म्हणणं, रेल्वे हे सरकारी खातं आहे, तिथे बोनसचा प्रश्नच येत नाही. संप मोडला. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, क्वार्टरमधून कुटुंबं बाहेर काढली गेली.

१९७७ मध्ये सरकार बदललं आणि कोकणातून निवडून गेलेले मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. काढलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं. १९७९ मध्ये बोनसचं तत्त्वही मान्य झालं. पाच वर्षांपूर्वी ज्यासाठी माणसं तुरुंगात गेली, ते नंतर दरवर्षी दसऱ्याच्या आधी मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर आनंदाने जाहीर होऊ लागलं.

'७८ दिवसांचा बोनस' ही त्याची अलीकडची नेहमीची बातमी. वाचणाऱ्याला वाटतं, अडीच महिन्यांचा पगार मिळाला. पण तो मोजताना महिन्याचा पगार जास्तीत जास्त ७,००० रुपये धरतात. म्हणून ७८ दिवसांचे कितीही झाले तरी १७,९५१ रुपये. गँगमनला आज किती पगार आहे याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

*

रास्त पगार म्हणजे किती? उत्तर नाही असं नाही. राज्यघटनेच्या ४३व्या कलमात निर्वाह वेतनाची दिशा दिलेली आहे. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने तर किमान वेतनाचं गणितच मांडून ठेवलं. कुटुंबात तीन 'खाणारी एककं' धरायची: कामगार एक, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. प्रत्येक एककाला दिवसाला २,७०० कॅलरी. माणशी १८ वार कापड, म्हणजे चौघांना वर्षाला ७२ वार. घरभाडं. इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचे २० टक्के.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यावर आणखी २५ टक्के घालायला सांगितलं: मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य, म्हातारपण. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने १८,००० रुपये किमान वेतन काढलं, तेही याच पायावर.

मी हे गणित एकदा घरच्या स्वयंपाकघरात मांडून पाहिलं. डाळ किती, तेल किती, दूध किती. मांडताना हात थांबला तो ०.८ वर. दिवसभर राबून सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई या सूत्रात पूर्ण एक नाही. आणि गणितात मुलांच्या शिक्षणाला जागा मिळायला १९९१ उजाडावं लागलं, म्हणजे मधली ३४ वर्षं. तरीही हे सूत्र मोलाचं आहे. पगार किती याचा विचार तिजोरीपासून सुरू करायचा नाही, ताटापासून करायचा, हे त्यात कोरलेलं आहे. वाटाघाटीच्या टेबलावर हा क्रम उलटा होतो. आधी 'किती परवडेल' ठरतं, मग उरलेल्यात ताट बसवतात.

*

एसटी.

पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. आज अडीचशेच्या आसपास आगार. खेड्यातल्या माणसाला सरकार भेटतं ते तलाठ्याच्या, मास्तरांच्या आणि एसटीच्या रूपात. तलाठी आठवड्यातून एकदा, एसटी रोज.

मुक्कामी गाडी ज्याने पाहिली नाही त्याला एसटीची नोकरी कळणार नाही. संध्याकाळची शेवटची फेरी गावात येते आणि तिथेच थांबते. चालक-वाहक गाडीत झोपतात, नाहीतर देवळात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. पहाटे तीच गाडी दूधवाल्यांना, बाजारकऱ्यांना आणि कॉलेजच्या पोरांना घेऊन निघते. अहिल्याबाई होळकर योजनेत शाळकरी मुलींना पास मोफत असतो. कित्येक गावांत मुलींचं हायस्कूल सुरू आहे ते या एका फेरीमुळे. ही फेरी तोट्यात जाते. जाणारच. चार मुली आणि दोन म्हाताऱ्यांच्या तिकिटावर डिझेल निघत नसतं.

पण मग तो तोटा कुणाचा? आजवर तो फेरी चालवणाऱ्याच्या पगारातून वळता होत आला. वर, तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर एसटीने सरकारला भरायचा. एका हाताने कर घ्यायचा, दुसऱ्या हाताने सवलती जाहीर करायच्या आणि मग म्हणायचं, महामंडळ तोट्यात आहे, पगार कुठून वाढवणार?

*

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला. दिवाळीनंतर एकामागून एक डेपो बंद पडत गेले आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे २५० आगार थंडावले. नव्वद हजारांवर कर्मचारी. मागणी एका शब्दात होती: विलीनीकरण. आम्हाला राज्य सरकारचे कर्मचारी म्हणा.

२४ नोव्हेंबरला सरकारने वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना मूळ पगारात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना ४,०००, त्यापुढच्यांना २,५००. शिवाय, पगार दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत होईल.

ही शेवटची ओळ मी तेव्हा दोनदा वाचली. केलेल्या कामाचा पगार महिन्याच्या दहा तारखेच्या आत मिळेल, हे आश्वासन द्यावं लागतं. महिनोन्महिने पगार लांबला की वाहक काय करतो? पतपेढीचं कर्ज काढतो. कर्जाच्या हप्त्याला सावकार. वाढ किती झाली यापेक्षा पगार कोणत्या तारखेला होतो, यावर त्याच्या घरातली शांतता ठरते.

*

संपकऱ्यांपैकी अनेकजण तेव्हा म्हणत होते: हा संप नाही, दुखवटा आहे. पगाराच्या ओढाताणीत ज्या सहकाऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यांचं सुतक पाळतोय.

न्यायालयाने संपाला मनाई केली असताना हा शब्द वापरण्यामागे कायद्याची चतुराई होती, असं म्हणता येईल. मला तसं वाटत नाही. आपल्या समाजात सुतकात माणसाला कुणी कामाला बोलवत नाही. संपावर जाणाऱ्याकडे कायदा बोट दाखवतो, सुतकात असलेल्याच्या दारात मात्र लोक येऊन बसतात. त्यांना आपल्या दारात लोक यायला हवे होते. वाटाघाटीची भाषा संपली तेव्हा त्यांनी घरातली भाषा काढली.

संप सुमारे साडेपाच महिने चालला. विलीनीकरण शक्य नाही, असा त्रिसदस्य समितीचा अहवाल आला. ७ एप्रिल २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर होण्यास सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवारांच्या घरावर काही आंदोलक चालून गेले. ते चूक होतं. कुणाच्याही घरावर चालून जाणं चूकच. त्या एका दुपारने साडेपाच महिन्यांची सहानुभूती झाकोळून टाकली.

सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, पुन्हा संप झाला. दोन दिवसांत मिटला. मूळ पगारात ६,५०० रुपयांची वाढ, एप्रिल २०२० पासून लागू. विधानसभेची निवडणूक जवळ होती. दोन्ही संपांतली माणसं तीच, मागणीमागचं पोटही तेच. बदललं होतं फक्त पंचांग. रास्त पगार पंचांग पाहून ठरू नये.

*

मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप सात दिवस चालला. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हा प्रश्न. त्या आठवड्यात एका शेतमजूर बाईंनी मला विचारलं, "दादा, त्यांना पगारबी हाय आन् पेन्शनबी पायजे. मग आमाला काय?"

हा प्रश्न टाळून संपाच्या बाजूने बोलणं खोटं आहे. सरकारी कर्मचारी संपावर जातो तेव्हा मालकाच्या नफ्याला धक्का लागत नाही. खोळंबतो तो रांगेतला माणूस: ज्याची शस्त्रक्रिया पुढे गेली तो, जिचा दाखला अडला ती. आणि रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. त्या मजुराने काम बंद केलं तर कुणाचं काय अडतं? त्याचंच.

पण त्या बाईंच्या प्रश्नाला दोन उत्तरं होऊ शकतात. 'त्यांनाही नको' किंवा 'तुम्हालाही हवी'. आपल्याकडे पहिलं उत्तर फार चटकन दिलं जातं. संघटित कामगारांचीही इथे चूक आहे. मोर्चाच्या फलकावर त्यांनी त्या बाईंसाठी एक ओळ कधी लिहिली असती, तर रांगेतल्या माणसाने त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

*

अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला योजना सुरू झाली. सेविका पोरांची वजनं घेते, खाऊ देते, गरोदर बायांच्या नोंदी ठेवते, निवडणुकीचं आणि सर्वेक्षणाचं काम करते. तिला पगार नाही, मानधन आहे. कारण कागदोपत्री ती कर्मचारी नाही, मानसेवी आहे. २०२३ मध्ये राज्याने हे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० केलं. मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५००. त्याच वर्षी ४ डिसेंबरला त्या संपावर गेल्या आणि ५० दिवसांहून जास्त काळ राहिल्या.

मला आठवतो तो मार्च २०१८. अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवेचा कायदा, मेस्मा, लावला गेला. विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्याला स्थगिती मिळाली. पण तो लावावासा वाटला, हेच पुरेसं बोलकं आहे. पगार मागते तेव्हा ती स्वयंसेविका. थांबते तेव्हा ती अत्यावश्यक.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मणिबेन भारिया यांच्या खटल्यात सांगितलं की सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे आणि त्यांना मिळणारं मानधन त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. योजना सुरू होऊन ४७ वर्षं होत आली होती. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द यायला एवढा काळ, आणि तोही एका कायद्यापुरता.

*

मुंबईच्या कचऱ्याच्या गाड्या. एकाच गाडीवर दोन माणसं, एक कायम, एक कंत्राटी. घाण तीच, वास तोच, पगारात कितीतरी अंतर. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी लढा दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. प्रकरण सुरू झाल्यापासून दहा वर्षं गेली. सफाईच्या कामात माणसाचं शरीर दहा वर्षांत किती झिजतं, ते त्या वस्तीत जाऊन पाहावं.

*

संपाचा हक्क आहे का? ऑगस्ट २००३ मध्ये, तामिळनाडूने पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं: सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही, नैतिकही नाही.

पहिल्या दोन शब्दांवर कायदेपंडितांनी बोलावं. तिसऱ्यावर मात्र डॉ. आंबेडकर १९३८ मध्येच बोलून ठेवले आहेत. मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयक आलं होतं, बेकायदा संपाला तुरुंगवास ठेवणारं. बाबासाहेबांचा मुद्दा सरळ होता. काम न करणं हा फार तर कराराचा भंग आहे, त्याची भरपाई मागा. त्याला गुन्हा ठरवून माणसाला मनाविरुद्ध राबवलं, तर त्याचं नाव गुलामगिरी. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे, असं त्यांचं सांगणं होतं. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, आणि त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले.

ज्यांच्या पूर्वजांना वेठीला धरून राबवलं गेलं, त्यांच्यातून आलेल्या माणसाला 'नाही, मी आज काम करणार नाही' या वाक्याची किंमत ठाऊक होती.

*

गुजरातीत 'संप' म्हणजे एकी. भावाभावांत संप आहे, असं ते कौतुकाने म्हणतात. आपल्याकडे तोच शब्द ऐकला की बंद दरवाजा आणि रिकामा फलाट आठवतो.

*

पुन्हा वही.

वडिलांचा संप फेब्रुवारी १९७८ मध्ये मागे घेतला गेला. केंद्राच्या दराने भत्त्याची मागणी पुढे मान्य झाली. वहीत ते दिसतं. जमेच्या बाजूचा आकडा १९७८ पासून १९८० पर्यंत तीनदा वाढलाय. 'उ.' हळूहळू नाहीसा होतो. दिवाळीला एक ओळ आहे: 'चि. ला बूट'. चि. म्हणजे मी.

खर्चाच्या बाजूला दर महिन्याला आणखी एक ओळ आहे, आईच्या अक्षरात. 'धुणं-भांडी १२'. संपाच्या आधी त्या मावशींनी तीन रुपये वाढवून मागितले होते, मला आठवतं. आई म्हणाली होती, "ह्यांचा भत्ता वाढू दे, मग बघू." संप सुरू झाल्यावर त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत त्या ओळीपुढे रेघ आहे. फेब्रुवारीत पुन्हा १२. मी पानं उलटत गेलो. १९७८, १२. १९७९, १२. वही १९८० मध्ये संपते, तिथेही १२.

माझे आईवडील वाईट नव्हते. ५४ दिवस उधारीवर काढून ते आपल्या हक्कासाठी उभे राहिले, याचा मला अभिमान आहे. तरी ही ओळ तशीच आहे. मावशींना कुणी कर्णिक नव्हते. सूत्र नव्हतं, महागाई भत्ता नव्हता, मेस्मासुद्धा नव्हता.

काल आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी म्हटलं, "ताई, चार वर्षं झाली, पैसे तेवढेच आहेत. किती वाढवायचे, तुम्ही सांगा."

त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "तुम्ही द्याल ते, दादा."

सानुग्रह अनुदानाचं हेच मराठी आहे. या चार शब्दांच्या जागी 'एवढे हवेत' म्हणता यावं, यासाठीच माणसं संघटना काढतात, आणि ५४ दिवस तेल अर्ध्यावर आणतात. मी कागद घेतला, त्यांना समोर खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या घरात खाणारी माणसं किती, इथपासून विचारायला सुरुवात केली. बाईला मी पूर्ण एक धरलं.